रोबोटचं कौतुक नंतर, आधी बर्फाचं विचारा

"अगं, तुमच्या पुण्यात म्हणं किडनी रोबोट बसवतोय. मग डॉक्टर काय करतोय, चहा पितोय?"

इस्लामपूरहून अण्णाचा फोन. अण्णा म्हणजे माझा थोरला मामेभाऊ, आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी सांगलीच्या वाऱ्या करून कंटाळलेला. वहिनी किडनी द्यायला तयार, रक्तगट जुळलेला, आणि कुठल्याशा पत्रकावर रोबोटचा फोटो पाहून दोघांचं घोडं तिथेच अडलेलं. मी ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत ओटीत, सिस्टर आहे. बावीस वर्षं झाली, त्यातली अलीकडची रोबोटच्या ओटीत. त्या रात्री अण्णाला तासभर जे सांगितलं तेच त्याच्या डायलिसिसच्या सोबत्यांनाही हवं होतं, म्हणून आता लिहूनच काढते.

मी डॉक्टर नाही. ऑपरेशन करायचं की नाही, कधी करायचं, हे तुमचे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, आणि सर्जन ठरवतील. टेबलाच्या कडेला उभं राहून जे दिसतं आणि त्यावरून नातेवाइकांनी काय विचारून घ्यावं, तेवढं मी सांगते.

रोबोट नक्की कुणाला लावणार?

किडनी ट्रान्सप्लांट म्हणजे एक ऑपरेशन नव्हे, दोन. एका ओटीत देणाऱ्याची किडनी काढतात, शेजारच्या ओटीत ती घेणाऱ्याला बसवतात. "आमच्याकडे रोबोटिक ट्रान्सप्लांट होतं" असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न हाच: काढायला रोबोट, बसवायला रोबोट, की दोन्हीला?

देणाऱ्याची किडनी दुर्बिणीतून काढणं आता जुनं झालं. 1995 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ते पहिल्यांदा झालं, आणि आता आपल्याकडच्या बहुतेक चांगल्या सेंटरमध्ये ते नेहमीचं काम आहे. बारीक छिद्रं पाडायची, किडनी आतून मोकळी करायची आणि ओटीपोटावर, सीझरचा छेद घेतात तिथे, सहा-सात सेंटिमीटर कापून ती बाहेर काढायची. हे साध्या दुर्बिणीने केलं काय नि रोबोटने केलं काय, देणाऱ्या माणसाला फारसा फरक पडत नाही. माझं स्पष्ट मत असं की फक्त देणाऱ्यासाठी रोबोटचे जादा पैसे भरायला लावत असतील तर दोनदा विचार करा. त्या सर्जनने साध्या दुर्बिणीने किती किडन्या काढल्यात, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे रक्तवाहिनीला रक्तवाहिनी शिवायची असते, तीही खोल ओटीपोटात. दुर्बिणीची सरळ, काठीसारखी हत्यारं घेऊन हे करणं म्हणजे दोन लांब उलथन्यांनी मोदकाच्या कळ्या पाडण्यासारखं. अहमदाबादच्या किडनी इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. प्रांजल मोदी यांनी रोबोटशिवाय, नुसत्या दुर्बिणीतून तेही करून दाखवलं, पण तो हात प्रत्येकाचा नसतो. रोबोटच्या हत्याराला टोकाशी मनगट असतं, ते हवं तसं वळतं. खरा फायदा तिथे आहे.

आणि हो अण्णा, डॉक्टर चहा पीत नाही. तो त्याच खोलीत, टेबलापासून आठ-दहा फुटांवर, रोबोट चालवायच्या यंत्रात, म्हणजे कन्सोलमध्ये, डोकं घालून बसलेला असतो. आमचे एक सर तर चपला काढून, मोजे घालून बसतात, पायाखालचे पेडल नीट समजावेत म्हणून. हाताची बोटं हलली तरच यंत्राचं टोक हलतं. रोबोट स्वतःच्या मनाने एक टाकाही घालत नाही.

रोबोटचा उपयोग कुणाला जास्त?

उघड्या पद्धतीत घेणाऱ्याच्या पोटाच्या खालच्या बाजूला हॉकीच्या काठीसारखा लांब छेद जातो. सडपातळ, तिशीतल्या मुलाला तो सहज भरून येतो. पण वजन जास्त, मधुमेह, त्यात ट्रान्सप्लांटनंतर स्टिरॉइड, म्हणजे जखम भरायला वैरीच वैरी. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या टीमने 2009 मध्ये एका लठ्ठ रुग्णाला रोबोटच्या मदतीने किडनी बसवली. पुढे 2013 मध्ये त्यांनी आकडे छापले: रोबोटने केलेल्या 28 लठ्ठ रुग्णांत जखमेत जंतुसंसर्ग एकालाही नाही, उघड्या पद्धतीने केलेल्या तितक्याच जणांत 8 जणांना. म्हणून पोट सुटलेल्या, शुगर असलेल्या माणसाने हा पर्याय जरूर विचारावा.

बारीक माणसाला? वेदना कमी, छेद लहान, एवढं नक्की. पण नवी किडनी उघड्या पद्धतीने बसवली म्हणून कमी चालते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. किडनी दोन्हीकडे सारखीच चालते.

काहींना डॉक्टरच रोबोट नको म्हणतात, आणि तेही बरोबर असतं. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीत चुन्यासारखे थर बसले असतील तर डॉक्टरला बोटाने चाचपून शिवायची जागा शोधावी लागते. रोबोटची बहुतेक मशीनं हाताला काहीच जाणवू देत नाहीत, धागा किती ताणला हे सर्जन नुसत्या डोळ्यांनी ओळखतो. आधी पोटाची दोन-तीन ऑपरेशनं झालेली, दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा ट्रान्सप्लांट, देणाऱ्याच्या किडनीला तीन-तीन धमन्या, अशा वेळी सर्जन "आपण ओपनच करू" म्हणाला तर नाराज होऊ नका. उलट त्याने सीटी स्कॅन नीट पाहिलाय, असं समजा.

आता बर्फ

हे कुठल्या पत्रकावर नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

देणाऱ्याच्या शरीरातून किडनी सुटली की तिचा रक्तपुरवठा बंद. आम्ही तिला लगेच बर्फाच्या ताटात घेतो आणि धमनीतून थंड द्रव सोडतो. लालसर तपकिरी किडनी बघता बघता फिकट, राखाडी पडते. मुठीएवढी, दीडशे ग्रॅमच्या आसपासची वस्तू. थंड आहे तोवर ती तग धरते. पण घेणाऱ्याच्या पोटात ठेवली की तिथे 37 अंशांची भट्टी. उघड्या ऑपरेशनमध्ये शिवता शिवता वरून बर्फ टाकता येतो. बंद पोटात, वायू भरून फुगवलेल्या जागेत बर्फ नेणार कसा? रोबोटिक ट्रान्सप्लांट बरीच वर्षं या एका प्रश्नावर अडून होतं.

त्याचं एक चांगलं उत्तर आपल्या देशात निघालं, हे मला फार आवडतं. 2013 मध्ये गुरुग्रामच्या मेदांतामध्ये डॉ. राजेश अहलावत आणि डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलचे डॉ. मणी मेनन यांच्या टीमने किडनीला गॉजचं, म्हणजे जखमेवर लावतात त्या जाळीदार कापडाचं, जॅकेट शिवलं, त्यात बर्फाचा चुरा भरला, बेंबीजवळच्या छोट्या छेदात जेलचं झाकण बसवलं आणि त्यातून किडनी बर्फासकट आत सोडली. झाकणातून वायू जात नाही, वरून आणखी बर्फही घालता येतो.

हे जॅकेट शिवायचं काम आमच्याकडे. लांब गॉज दुमडायचं, कडेने टाके घालायचे, धमनी नि शीर बाहेर यायला एक खिडकी ठेवायची. मी त्याला कुंची म्हणते. आता आमचे सरही म्हणतात, "सिस्टर, कुंची झाली का?" वरची बाजू कळावी म्हणून एका टोकाला रंगीत धागा लावतो, कारण आत गेल्यावर किडनी पालथी पडली तर सगळाच घोटाळा.

आणि बर्फ म्हणजे कुल्फीवाल्याचा बर्फ नाही. निर्जंतुक सलाईन गोठवायचं, निर्जंतुक पिशवीत घालून हाडांच्या ऑपरेशनच्या हातोडीने कुटायचं. कुटून झालं की हातात घेऊन बघायचं. गोळ्यासारखा भुसभुशीत हवा, खडे नकोत, कारण टोकदार खडा किडनीला ओरखडा काढतो. सुरुवातीच्या दिवसांत माझ्या हातून एकदा बर्फ फार आधी काढला गेला. किडनी आली तेव्हा भांड्यात निम्मं पाणी. दुसरी बाटली कुटेपर्यंत सर बाजूच्या टेबलावरची किडनी थंड द्रवात धरून उभे राहिले. ते काही बोलले नाहीत, पण त्या पाच मिनिटांत माझी मान वर झाली नाही. तेव्हापासून फ्रीजरमध्ये दोन बाटल्या जास्त असतात.

म्हणून सर्जनला भेटाल तेव्हा हे विचारा: "आत गेल्यावर किडनी थंड कशी ठेवता? शिवायला साधारण किती मिनिटं लागतात?" जो रोज हे करतो तो दोन वाक्यांत सांगेल. जो पत्रक पुढे सरकवेल, त्याच्याकडून उठून दुसरं मत घ्यायला हरकत नाही.

आणखी चार गोष्टी, त्याच भेटीत

"उघडावं लागलं तर?" रक्तस्राव झाला किंवा शीर नीट जुळली नाही, तर रोबोटचे हात काढून पोट उघडावं लागतं. याला अपयश म्हणत नाहीत. आमच्याकडे ओपनचा ट्रे प्रत्येक वेळी उघडून, मोजून तयार असतो आणि हात किती सेकंदांत काढायचे याची आम्ही तालीम करतो. संमतीपत्रावर हे लिहिलेलं असतं, सही करण्याआधी वाचा.

"पुढे बायोप्सी लागली तर सुई कुठून घालणार?" हा प्रश्न ऐकून आमचे एक सर खुर्चीत सरळ झाले होते. रोबोटने किडनी पोटाच्या पोकळीतून बसवतात. नंतर ती आतल्या पडद्याच्या बाहेर, कातडीच्या जवळ कप्प्यात ठेवली तर पुढे सुईने तुकडा घेणं सुरक्षित होतं. तसं करतात का, विचारा.

"कन्सोलवर कोण बसणार?" ओपीडीत भेटलेले डॉक्टर आणि टाके घालणारे डॉक्टर एकच आहेत ना, हे विचारायला लाजू नका.

चौथी गोष्ट पैशांची. रोबोटची हत्यारं ठराविक वेळाच वापरता येतात, यंत्र स्वतः मोजतं आणि आकडा संपला की ते हत्यार चालूच होत नाही. म्हणून दर ऑपरेशनला खर्च वाढतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला, दुसऱ्या एका हॉस्पिटलात, पॅकेजमध्ये रोबोट धरलेला नाही हे डिस्चार्जच्या दिवशी कळलं. मुलाने पार्किंगमध्ये बसून फोनवर फोन केले. तेव्हा अंदाजपत्रक लेखी घ्या, त्यात "रोबोटिक चार्जेस, देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे" अशी वेगळी ओळ लिहून घ्या. आरोग्य विमा असेल तर रोबोटिक सर्जरी 2020 पासून विमा कंपन्यांना सरसकट नाकारता येत नाही, पण ते रकमेवर मर्यादा घालू शकतात. ती मर्यादा आणि देणाऱ्याचा खर्च, दोन्ही आधी विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी ट्रान्सप्लांटसाठीची मर्यादा 2023 मध्ये साडेचार लाखांपर्यंत वाढवली होती. त्यात रोबोट बसतो का, हे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाकडून, म्हणजे आरोग्यमित्राकडूनच लिहून घ्या. बसत नसेल तर निवांत ओपन करा. किडनीला कळत नाही.

कागद

नवरा-बायको, आई-बाप, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं, एवढे कायद्याने जवळचे. मामेभाऊ, चुलतभाऊ, मेहुणा, मित्र, यांची फाइल परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीकडे जाते, वेळ लागतो. नवरा-बायकोंनाही नातं सिद्ध करावं लागतं. अण्णा-वहिनींचं लग्न अठ्ठ्याऐंशीचं, नोंदणी कुणी केलेली? वहिनीने माळ्यावरून लग्नाचा अल्बम काढला, अर्ध्या फोटोंना बुरशी. तरी चालला. रेशनकार्ड, मुलांचे दाखले, जुने फोटो एका पिशवीत आधीच गोळा करा. दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात, चित्रीकरण होतं. घाबरायचं काही नाही, "कुणी जबरदस्ती केली का, पैसे दिले का" एवढंच त्यांना खात्रीने हवं असतं. रक्तगट जुळत नसेल तर दुसऱ्या जोडीशी अदलाबदल कायद्यात बसते, तेही विचारा.

आदल्या दिवशी आणि त्या सकाळी

डायलिसिस साधारण आदल्या दिवशी होतं. जोडवी घरीच काढा. साबण लावून, धागा गुंडाळून, वेळ घेऊन. ओटीच्या दारात सुजलेल्या बोटातून जोडवं काढताना मी पाहिलेलं रडणं ऑपरेशनच्या भीतीचं नसतं. मंगळसूत्रही काढावं लागतं, अंगावर धातू असला की कॉटरीने, म्हणजे रक्त थांबवायच्या विजेच्या हत्याराने, भाजण्याचा धोका. एका सासूबाईंनी आधी नकार दिला, मग स्वतःच पदराच्या गाठीत बांधून बाहेर बाकावर चार तास गाठ धरून बसल्या. नखांचं पॉलिश पुसा, बोटावर लावून ऑक्सिजन मोजणाऱ्या मशीनला ते आवडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: डायलिसिसचा फिस्टुला, म्हणजे सुया टोचायला धमनी नि शीर जोडून केलेली जागा, कुठल्या हाताला आहे ते प्रत्येकाला सांगा. वॉर्डबॉयला, सिस्टरला, भूल देणाऱ्या डॉक्टरांना. तिसऱ्यांदा सांगितलंत तरी कुणी रागावणार नाही. रोबोटच्या ओटीत हात अंगालगत बांधून चादरीखाली जातात, वरून यंत्राचे चार हात. मग तो हात कुणाला दिसत नाही. मी स्वतः त्याभोवती कापूस गुंडाळते आणि चादर पडण्याआधी फिस्टुलातल्या रक्ताची थरथर लागते का, बोट ठेवून बघते.

आत काय होतं

टेबल डोक्याकडून खाली कलतं, आतडी छातीकडे सरकतात, ओटीपोट मोकळं होतं. जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत, त्या मागे जिथल्या तिथे राहतात. नवी पुढे, बहुतेकदा उजव्या बाजूला बसते. आधी शीर शिवतात, मग धमनी. आम्ही धागा मोजून कापतो, दहा-बारा सेंटिमीटर. लांब झाला तर आत गुंता, आखूड झाला तर गाठ बसत नाही.

मग चिमटे सुटतात. पडद्यावर सगळे बघत असतात, भूलवालेसुद्धा. राखाडी किडनी एका कडेने गुलाबी व्हायला लागते, मग भराभर सगळी, आणि फुगून टणक होते. बऱ्याचदा मूत्रनळीच्या कापलेल्या टोकातून लघवीची चिळकांडी उडते. इतकी वर्षं झाली, अजून ओटीत कुणीतरी "आली!" म्हणतंच. कुंची कापून बाहेर येते, मी गॉजचे तुकडे मोजते, आकडा जुळल्याशिवाय पुढचा टाका पडत नाही.

नंतरचे दिवस

शुद्धीवर आल्यावर चेहरा सुजलेला दिसेल, विशेषतः डोळ्यांखाली. इतका वेळ डोकं खाली होतं, म्हणून. दुसऱ्या दिवशीपर्यंत ओसरतं. आणि खांदा दुखेल. पोटावर ऑपरेशन, दुखतोय खांदा, म्हणून नातेवाईक घाबरे होतात. पोटात भरलेल्या वायूने छाती नि पोटामधला पडदा चिडतो, त्याची कळ खांद्यात येते. चालायला लागलं की जाते. मात्र छातीत दुखलं, धाप लागली तर खांदा समजून बसू नका, लगेच सिस्टरला बोलवा.

देणारा तीन-चार दिवसांत घरी, घेणारा साधारण आठवडा-दहा दिवसांत. छिद्रं बारीक दिसतात म्हणून वहिनीने अण्णाला किडनी दिल्यावर बाराव्या दिवशी पाण्याची घागर उचलली. बाहेरून छिद्र बारीक असलं तरी आत किडनी काढल्याची जखम तेवढीच असते. सहा आठवडे जड काही नाही.

घेणाऱ्याच्या गोळ्या रोबोटने केलं म्हणून एकही कमी होत नाही. टॅक्रोलिमस, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून. रक्तातली पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी आधी घ्यायची नाही, रक्त दिल्यावर घ्यायची. म्हणून डबीत टाकून बरोबर न्या. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद, त्याने औषधाची पातळी चढते. गुळवेलीचा काढाही नको. आपल्या गावाकडे प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा प्रेमाने आणून देणारे फार. इथे तर ती मुद्दाम दाबून ठेवायची आहे, नाहीतर शरीर नव्या किडनीलाच शत्रू समजतं. लघवी कमी झाली, ताप आला, किडनीच्या जागी दुखलं, एका दिवसात किलोभर वजन वाढलं, की रात्र असली तरी फोन करायचा.

शेवटचं एक. मूत्रनळीच्या जोडावर आत एक बारीक नळी ठेवतात, डीजे स्टेंट. ती काही आठवड्यांनी लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून काढतात, दहा मिनिटांचं काम. पण माणसाला बरं वाटायला लागतं नि तिचा विसर पडतो. विसरलेली नळी आत खडे धरते. डिस्चार्ज कार्डावर तारीख नसेल तर तिथल्या तिथे लिहून घ्या. अण्णाच्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर वहिनीने त्या तारखेला लाल पेनने गोल केलाय. त्याच चौकोनात आधीपासून "गॅस सिलिंडर" लिहिलेलं होतं, ते तिने खोडलेलं नाही.